आर्टिक्युलेशन मॅप

आर्टिक्युलेशन मॅप : संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या वाद्याच्या वादनशैली (सलग, तुटक, गमकयुक्त इ.) आणि त्या शैली वाजवून घेण्यासाठी वाद्याच्या प्लगइनला (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या आभासी वाद्याला) पाठवावे लागणारे मिडी (वाद्ये व संगणक यांच्यातील सामाईक संकेतपद्धती) संदेश यांची जोडणी करून ठेवलेला तक्ता. तो स्वतंत्र फाइल म्हणून साठवता येतो आणि तेच वाद्य असलेल्या कोणत्याही गाण्यात पुन्हा लावता येतो. क्यूबेस व डोरिको या प्रणालींत त्याला एक्स्प्रेशन मॅप, लॉजिक प्रोमध्ये आर्टिक्युलेशन सेट आणि स्टुडिओ वनमध्ये साउंड व्हेरिएशन म्हणतात. तालवाद्यांसाठीचा ड्रम मॅप ही निराळी सोय आहे. तेथे प्रत्येक कीवर एक आघात बसवलेला असतो, त्यामुळे शैली वेगळी निवडावी लागत नाही.

उगम : मॅपचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी प्रमाणात स्वराचा क्रमांक (० ते १२७), आघाताचा जोर, चॅनेल (१६), वाद्यबदल आणि नियंत्रक (आवाजाची पातळी इ. बदलणारे संदेश) यांची तरतूद होती. स्वर कोणत्या पद्धतीने वाजवायचा हे सांगणारा संदेश नव्हता. ही उणीव १९९१ च्या जनरल मिडी या वाद्यांच्या क्रमवार यादीत वेगळ्या मार्गाने भरून काढलेली दिसते. तीत ४५ व्या क्रमांकावर ट्रेमोलो (गज झपाट्याने मागेपुढे करून वाजवलेली) आणि ४६ व्या क्रमांकावर पिझिकाटो (बोटाने तार छेडून वाजवलेली) तंतुवाद्ये आहेत. म्हणजे वादनशैलीलाच स्वतंत्र वाद्याचा दर्जा दिला गेला. (याच यादीत सतार १०५ व शहनाई ११२ या क्रमांकांवर आहेत. त्यांच्या वाट्याला एकेकच ध्वनी आला. शहनाईची मींड, गमक वा तुटक स्वर यांना जागा नाही.) काहींच्या मते मॅपचे बीज या यादीत आहे. तथापि वाद्यबदलाचा संदेश प्रत्येक ठिकाणी रचनाकारालाच हाताने लिहावा लागत असल्याने तिला फार तर पूर्वतयारी म्हणता येईल.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकावरील सॅम्पलर (वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारी सॉफ्टवेअर) आले. गिगासॅम्पलर १९९८ च्या सुमारास आणि कॉन्टॅक्ट २००२ मध्ये बाजारात आला. त्यांच्यामुळे कीस्विचची पद्धत रूढ झाली : वाद्याच्या स्वरमर्यादेबाहेरची, बहुधा अगदी खालच्या सप्तकातली एखादी की दाबली की पुढचे स्वर दुसऱ्या शैलीच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांतून वाजू लागतात. हे मूक स्वर गाण्याच्या स्वरांबरोबरच ट्रॅकमध्ये लिहिले जात आणि येथूनच मॅपची गरज निर्माण झाली, हे बहुतेकांना मान्य आहे.

वाद आहे तो यानंतरच्या टप्प्याविषयी. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरशी परिचित असलेले अभ्यासक श्रेय फिनाले आणि सिबेलियस यांना देतात. या प्रणालींत ओळीवर ‘पिझ.’ (पिझिकाटो) असे लिहिले की त्याचा मिडी संदेश आपोआप जात असे. सिबेलियस ५ (२००७) मधील साउंडवर्ल्ड योजनेने तर क्रमांकांऐवजी ध्वनींची श्रेणीबद्ध नावे आणली. सिक्वेन्सर (मिडी संदेश ट्रॅकवर नोंदवून वाजवणारे सॉफ्टवेअर) वापरणारे मात्र २००९ च्या क्यूबेस ५ मधील व्हीएसटी एक्स्प्रेशनपासून इतिहास सुरू करतात. वापरकर्त्याने स्वतः बनवून साठवावा, ट्रॅकला लावावा व काढावा अशी सुटी वस्तू म्हणजे मॅप, ही व्याख्या धरली तर दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. अर्थात सिबेलियसच्या साउंड सेट फाइली पाहता ही सीमारेषा फार ठळक नाही. लॉजिक प्रोमध्ये मॅप तयार करण्याची व बदलण्याची सोय २०१८ च्या सुमारास आली. स्टुडिओ वन, केकवॉक आणि डिजिटल परफॉर्मर यांत ती २०२१ च्या आसपास आली.

रचना व कार्य : मॅपच्या प्रत्येक ओळीत शैलीचे नाव, रचनाकार ती कशी निवडतो (की, मेनू किंवा स्वरलेखनातील चिन्ह) आणि प्लगइनला काय पाठवायचे (कीस्विच, वाद्यबदल, नियंत्रकाचे मूल्य किंवा दुसरे चॅनेल) हे नोंदवलेले असते. क्यूबेसमध्ये शैली चार गटांपर्यंत विभागता येतात. एका गटातील एकच शैली एका वेळी लागू होते, पण निरनिराळ्या गटांतील शैली एकत्र येऊ शकतात. शैली केवळ एका स्वरापुरती आहे की पुढची सूचना येईपर्यंत चालू राहणारी आहे, हेही ठरवावे लागते. लॉजिक प्रोमध्ये शैलीचा क्रमांक थेट स्वराला चिकटवला जातो. स्वर उचलून दुसरीकडे ठेवला तरी क्रमांक त्याच्याबरोबर जातो.

मॅपचा खरा फायदा दोन ठिकाणी दिसतो. गाणे मधूनच वाजवायला सुरुवात केली तर मागे राहिलेला कीस्विच प्लगइनपर्यंत पोहोचलेला नसतो आणि तुटक ओळ सलग वाजते. मॅप असल्यास प्रत्येक स्वराची शैली त्याच्याजवळच असते. दुसरा प्रसंग आपल्याकडे नेहमीचा. तालमीत गायिका म्हणते, “काळी चार जड जातेय, पांढरी पाचला घ्या.” संयोजक सगळा ट्रॅक अर्ध्या स्वराने खाली सरकवतो. ट्रॅकमध्ये लिहिलेले कीस्विचही त्याबरोबर सरकतात आणि मींडेच्या जागी तुटक स्वर वाजू लागतात. मॅपमधील संदेश स्वरांच्या ओळीबाहेर असल्याने पट्टी कितीही बदलली तरी त्यांना धक्का लागत नाही.

एका किरकोळ वाटणाऱ्या तपशिलाचा येथे विस्ताराने उल्लेख करणे आवश्यक आहे. मिडीतील ६० वा स्वर म्हणजे पियानोचा मधला ‘सी’. पण त्याच्या सप्तकाचा आकडा कोणता, यावर उत्पादकांचे एकमत झालेले नाही. यामाहाच्या प्रथेनुसार तो सी-३, तर रोलँडच्या प्रथेनुसार सी-४. क्यूबेस व कॉन्टॅक्ट पहिली प्रथा पाळतात आणि रीपर दुसरी. त्यामुळे प्लगइनच्या माहितीपत्रकात कीस्विच ‘सी-०’ असा छापलेला असेल, तर एका प्रथेने तो २४ वा स्वर ठरतो आणि दुसऱ्या प्रथेने १२ वा. मॅप बरोबर भरूनही आवाज न बदलण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. वाद्यबदलाच्या क्रमांकांचेही तसेच : कोणी ते १ पासून मोजतात, कोणी ० पासून, म्हणून शहनाई कधी ११२ तर कधी १११ वर सापडते. मॅपमध्ये सप्तकाच्या नावाऐवजी स्वराचा क्रमांक लिहिणे हाच सुरक्षित मार्ग होय.

सोलापूर परिसरातील वाद्ये : मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, पंढरपूरची वारी आणि अकलूजच्या लावणी स्पर्धा यांमुळे या जिल्ह्यात भक्तिगीते व लोकगीते यांची मागणी नेहमी असते. ती गीते मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही होतात. लहान स्टुडिओंतील संयोजकाला एकाच महिन्यात हलगी, संबळ, सनई, पखवाज, टाळ यांचे तेच संच पुन्हा पुन्हा लागतात. साठवलेल्या मॅपचा उपयोग अशा कामात विशेष.

याच परिसरातील सुंदरीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. सुंदरी हे शहनाईच्या जातीचे, पण आकाराने लहान आणि आवाजाने चढे सुषिर वाद्य. तिचे नाव अक्कलकोट दरबारात पडले, अशी परंपरा सांगितली जाते. सोलापूरच्या जाधव घराण्यातील वादकांनी तिला मैफलीत स्थान मिळवून दिले. ती शहनाईचाच लहान प्रकार की वेगळे वाद्य, याविषयी दोन्ही मते आढळतात. बांधणी पाहता पहिले मत ग्राह्य धरण्यास हरकत नसावी. मॅपच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ शास्त्रार्थाचा नाही. एकच वाद्य मानले तर शहनाईचा मॅप तसाच लावून केवळ स्वरमर्यादा वर सरकवणे पुरते.

सुंदरीचा मॅप करताना प्रथम हे ठरवावे लागते की कोणत्या गोष्टी मॅपमध्ये मुळीच घालायच्या नाहीत. तुटक स्वर, कण घेऊन आलेला स्वर, गमकयुक्त स्वर या एकेका स्वराच्या शैली आहेत. त्यांना प्रत्येकी एक ओळ देता येते. मींड तशी नाही. ती दोन स्वरांच्या मधल्या प्रवासात असते आणि तिचा वेग व वळण रागाप्रमाणे बदलते. तयार मींडेचा नमुना कीस्विचने बोलावला की प्रत्येक वेळी तीच मींड येते आणि तिसऱ्या आवर्तनाला जाणकार कान टवकारतात. म्हणून मींड पिच बेंडने (स्वराची उंची सलग वरखाली करणाऱ्या संदेशाने) हाताने काढावी, मॅपने फक्त सलग शैली चालू ठेवावी. पिच बेंडची मर्यादा बहुतेक प्लगइनमध्ये दोन अर्धस्वरांची असते. सा ते प ही मींड सात अर्धस्वरांची, तेव्हा मर्यादा वाढवून बारा करणे सोयीचे.

येथे आणखी एक अडचण येते. मिडी १.० मध्ये पिच बेंड चॅनेलभर लागू होतो. शहनाईच्या साथीला षड्ज धरणारा सूर त्याच चॅनेलवर असेल तर प्रमुख वाद्याच्या मींडेबरोबर तोही घसरतो. सुराला दुसरे चॅनेल किंवा वेगळा ट्रॅक द्यावा, आणि त्याला मॅप लावूच नये.

हलगी, संबळ यांना वर सांगितल्याप्रमाणे ड्रम मॅप पुरतो. अपवाद हलगीच्या ताणाचा. शेकोटीवर तापवलेली हलगी आणि वाजवून सैल पडलेली हलगी यांचा आवाज स्पष्टपणे वेगळा असतो, आणि दोन्हींचे नमुने असतील तर तेवढ्यापुरता दोन शैलींचा मॅप उपयोगी पडतो.

पुनर्वापर : मॅपमधील ओळींची नावे प्लगइनवरून न देता शैलीवरून द्यावीत (‘तुटक’, ‘सलग’, ‘गमक’), म्हणजे उद्या प्लगइन बदलले तरी फक्त पाठवायचे संदेश बदलतात, गाण्यांतील निवड कायम राहते. क्यूबेसमध्ये लावलेल्या मॅपची प्रत प्रकल्पातच राहते. त्यामुळे मूळ फाइलमधील दुरुस्ती जुन्या गाण्यांपर्यंत आपोआप पोहोचत नाही, ती तेथे नव्याने आणावी लागते.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये स्वराच्या संदेशातच एक गुणधर्म जोडण्यासाठी जागा आहे (प्रकारासाठी ८ बिट, मूल्यासाठी १६ बिट), आणि पिच बेंड प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे देता येतो. वाद्यनिर्मात्यांनी ही सोय उचलल्यास कीस्विचची गरज उरणार नाही आणि सुराच्या घसरण्याचाही प्रश्न सुटेल. शैलींना नावे देण्यासाठी मॅप मात्र तेव्हाही लागेल.