आरोग्यसेवेच्या हक्काची पार्श्वभूमी : कलम ४७ पासून कलम २१ पर्यंत

आरोग्यसेवा हा घटनेने दिलेला हक्क आहे, असे सर्रास म्हटले जाते. मूलभूत हक्कांचे प्रकरण उघडून पाहिले तर आरोग्य हा शब्द तेथे भेटतो तो २५ आणि २६ या कलमांत, आणि तोही धर्मस्वातंत्र्यावरील मर्यादा म्हणून. नागरिकाने मागावा असा हक्क म्हणून तो तेथे लिहिलेला नाही.

कल्पना मात्र घटनेपेक्षा जुनी आहे. १९४३ मध्ये नेमलेल्या सर जोसेफ भोर समितीने १९४६ च्या अहवालात म्हटले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणाने कोणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहता कामा नये. आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे मूळ याच अहवालात आहे. घटना समितीपुढे नोव्हेंबर १९४८ मध्ये आजच्या कलम ४७ चा मसुदा आला, तेव्हा त्यात पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले होते. पण दारूबंदीची दुरुस्ती पुढे आली आणि चर्चा जवळजवळ सगळी दारूभोवतीच फिरली. कोल्हापूरचे बाळासाहेब खर्डेकर आणि आदिवासींच्या वतीने जयपालसिंग यांनी दारूबंदीला विरोध केला. दवाखान्यांबद्दल बोलायला फारसे कोणी उरलेच नाही.

हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत गेले आणि कलम ३७ नुसार ती तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. न्यायालयात नसले तरी निवडणुकीत मतदारांपुढे सरकारला उत्तर द्यावे लागेल, असे डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते.

मतदारांनी ते उत्तर किती वेळा मागितले हा वेगळा विषय. न्यायालयाचे दार उघडले ते कलम २१ मधून, म्हणजे जीविताच्या हक्कातून, आणि तेही अपघातांच्या निमित्ताने. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही. पोलीस केस असल्याने सुमारे वीस किलोमीटर दूर न्यायला सांगितले आणि तो वाटेतच गेला. या बातमीवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निर्णय दिला की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे आधी आणि कागदपत्रे नंतर.

दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेचा एक सभासद मथुरापूर स्थानकावर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या माणसाला घेऊन सोबतचे लोक कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांत फिरले. कोठे बेड नव्हता, कोठे सोय नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून उपचार झाले. १९९६ च्या निकालात न्यायालयाने हा कलम २१ चा भंग ठरवला, २५ हजारांची भरपाई दिली आणि निधी नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे बजावले. मात्र १९९८ मध्ये, पंजाबातील कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने राज्याची साधने मर्यादित असतात हे मान्य केले. त्यामुळे जीव धोक्यात असताना हा हक्क जितका पक्का दिसतो, तितका तो ओपीडीच्या रांगेत दिसत नाही. केसपेपर निघतो, डॉक्टर तपासतात आणि हातात ‘बाहेरून आणा’ अशी औषधांची चिठ्ठी पडते; त्या चिठ्ठीवर कलम २१ कसे लावायचे, हे या दोन गाजलेल्या निकालांतून उलगडत नाही.

कायद्याने ही उणीव भरण्याचे प्रयत्न झाले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या आधीच्या मसुद्यात आरोग्य हक्क कायद्याचा प्रस्ताव होता. अंतिम धोरणातून तो गळला. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचे विधेयक संमत केले. खासगी डॉक्टरांच्या आंदोलनानंतर एप्रिलमध्ये सरकारला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. महाराष्ट्राने त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. हा मंत्रिमंडळाचा निर्णय आहे, विधिमंडळाचा कायदा नव्हे, आणि महापालिकांची रुग्णालये त्याच्या कक्षेबाहेर आहेत.