शेअर बाजारातली घसरण आणि नाणेसंग्रह

शेअर बाजार पडला की नाण्यांचे भाव पडतात की चढतात, हा प्रश्न संग्राहकांमध्ये नेहमी निघतो, आणि त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही कारण नाण्यांचा बाजार मुळात एक नाहीच. क्रुगरँड (१९६७), मेपल लीफ (१९७९), अमेरिकन ईगल (१९८६) ही बुलियन नाणी, म्हणजे धातूच्या वजनावर विकली जाणारी, ती एकीकडे. लिलावात एकेक करून जाणारी अतिदुर्मिळ नाणी दुसरीकडे. आणि या दोघांच्या मधे तो मोठा ढीग, ज्यात बहुतेक संग्राहकांचा पैसा अडकलेला असतो, बऱ्या अवस्थेतली पण हवी तेव्हा मिळणारी नाणी. घसरणीत हे तिन्ही वेगवेगळे वागतात.

बुलियनचं वागणं सगळ्यात बुचकळ्यात टाकणारं. लोकांना वाटतं शेअर पडले की सोनं लगेच वर, पण घबराटीच्या पहिल्या फेरीत बऱ्याचदा उलटंच होतं, मार्जिन कॉल (उधारीवर घेतलेले शेअर पडले की दलाल मागतो ती जादा रक्कम) भरायला पैसा लागतो म्हणून हाताशी असेल ते विकलं जातं, त्यात सोनं-चांदीही आली. २००८ च्या मार्चमध्ये सोनं औंसाला १,००० डॉलरच्या वर होतं आणि चांदी २० च्या वर, तेच सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन गुंतवणूक बँक बुडाल्यानंतर काही आठवड्यांतच सोनं ७०० च्या घरात आणि चांदी ९ च्या आसपास आली. पण गंमत म्हणजे पडद्यावरचा भाव पडत असताना प्रत्यक्ष नाणं मिळत नव्हतं, अमेरिकन टांकसाळीने तर ऑगस्ट २००८ मध्येच गोल्ड ईगलची विक्री काही काळ थांबवली होती आणि पुढे माल वाटून द्यायला लागली. मार्च २०२० मध्ये परत तेच, चांदीचा भाव १२ डॉलरच्याही खाली गेला आणि एक औंसाचं सिल्व्हर ईगल मात्र त्याच्या कितीतरी वर विकलं जात होतं. म्हणजे कागदावरची चांदी आणि हातातली चांदी यांचे दोन भाव झाले. ज्याने फक्त पडद्यावरचा भाव बघून 'स्वस्तात मिळेल' म्हणून वाट पाहिली तो बसला वाट बघत.

मधल्या ढिगाला फटका बसतो तो गुपचूप. इथे भाव पडण्याआधी सौदे थांबतात. डीलरचा माल पुष्कळदा उधारीवरच्या पैशात अडकलेला असतो, बँकेने हात आखडता घेतला की तो विकायला तयार, घ्यायला नाही. समजा कॅटलॉगमध्ये १,००० लिहिलेलं नाणं आहे, चांगल्या दिवसांत डीलर त्याचे ८०० रोख मोजायचा, मंदीत तोच ६०० म्हणतो किंवा सरळ 'ठेवून जा, विकलं गेलं तर पैसे देतो' असं सांगतो. कॅटलॉगमधला आकडा तसाच १,०००. म्हणून छापील भाव बघून 'नाण्यांना काही झालं नाही' म्हणणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये, विकायला गेल्यावर कळतं.

आणि सगळ्यात आधी मरतात ती घासून बिघडवलेली नाणी. दिव्याखाली नाणं हळूहळू तिरपं केलं की मूळ चमक गोल फिरताना दिसते, घासून साफ केलेल्या नाण्यावर ती फिरत नाही, नुसत्या बारीक रेघा दिसतात. तेजीत असलं नाणंही कोणीतरी उचलतं, मंदीत गिऱ्हाईक निवडक होतं आणि ते कुठल्याही भावाला खपत नाही.

वरच्या टोकाचं गणित पार वेगळं. १९३३ चं डबल ईगल हे २० डॉलरचं सोन्याचं नाणं, ४,४५,५०० पाडली आणि चलनात न आणता जवळजवळ सगळी वितळवली. खासगी मालकीला कायदेशीर परवानगी मिळालेलं एकच, ते ३० जुलै २००२ ला लिलावात ७५,९०,०२० डॉलरला गेलं. त्याच्या आठवडाभर आधीच एस अँड पी ५०० हा अमेरिकन शेअर निर्देशांक १९९७ नंतरच्या नीचांकाला बंद झाला होता! असं नाणं घेणाऱ्याचा पोर्टफोलिओ निम्मा झाला तरी तो श्रीमंतच राहतो, आणि ही संधी सोडली तर परत कधी येईल सांगता येत नाही (ते आलं २०२१ मध्ये, तेव्हा सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलर).

शेअर आणि नाणी एकत्र हलतात हा समज १९८७ नंतरच्या काळाने तर पार मोडून काढलाय. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ हा अमेरिकन शेअर निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला, नाण्यांचं मात्र फारसं बिघडलं नाही, उलट १९८९ पर्यंत भाव वेड्यासारखे चढले कारण पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या ग्रेडिंग कंपन्यांनी नाणी प्लास्टिकच्या डबीत बंद करून त्यावर ग्रेड, म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा दर्जा, लिहून द्यायला सुरुवात केली आणि ज्यांना नाण्यातलं काही कळत नाही त्यांनाही डबी बघून पैसे लावता यायला लागले, वॉल स्ट्रीटचे फंडसुद्धा यात उतरले. मग तो फुगा फुटला, आणि नव्वदच्या दशकात शेअर धावत असताना नाणी वर्षानुवर्षं पडून राहिली. ही मंदी शेअर बाजाराची नव्हती, नाणेबाजाराने स्वतःच ओढवून घेतलेली होती.

छंदाचं काय होतं ते अजून निराळं. १९२९ नंतरच्या महामंदीत लोकांकडे पैसा नव्हता तरी अमेरिकेत नाणेसंग्रह वाढला, कारण १९३४ च्या सुमारास भोकांचे पुठ्ठे बाजारात आले, प्रत्येक भोक एका वर्षाच्या आणि टांकसाळीच्या सेंटसाठी, खिशातल्या चिल्लरमधून शोधून भरायचं. चिल्लरमध्ये हवं ते नाणं निघालं नाही तरी हातातला सेंट खर्चायला मोकळाच. अमेरिकन सरकारच्या ५ एप्रिल १९३३ च्या आदेशाने सोन्याची नाणी सरकारजमा करायला लावली त्यातही संग्राहकांना विशेष मोल असलेल्या दुर्मिळ नाण्यांना सूट होती.

मंदी दुर्मिळ नाणीही जन्माला घालते. व्यवहार थंडावले की नव्या नाण्यांची मागणी घटते आणि टांकसाळ कमी पाडते, १९३१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फक्त ८,६६,००० सेंट पाडले गेले. पण हा आकडा संग्राहकांना तेव्हाच कळला होता, त्यांनी ते कोरे असतानाच बाजूला काढून ठेवले, त्यामुळे इतकी कमी संख्या असूनही त्याचे कोरे नमुने आज बऱ्यापैकी मिळतात.