तेलाचा दाब, तारेची वीण

लोडरची बकेट हवेत असताना दाबाखालचं तेल वाहून नेणारी, हातभर लांबीची एक हायड्रॉलिक नळी फुटते, तेल भळाभळा जमिनीवर सांडतं आणि काही टन वजनाचं धूड जागच्या जागी थांबतं. पंप, सिलिंडर, व्हॉल्व्ह सगळं शाबूत असतं, काम अडतं ते नळीपाशी. अशा वेळी नळीचं भेंडोळं आणि तिच्या टोकांना लावायचे धातूचे जोड, म्हणजे फिटिंग्ज, जवळ ठेवून, ती टोकांवर आवळून बसवणाऱ्या लहानशा क्रिंपिंग मशीनवर आपला पाईप, म्हणजे फिटिंगसकट तयार नळी, आपणच बनवावा, असं कुणालाही वाटेल. दुरुस्तीचं काम करणाऱ्याने ही विद्या शिकावीच, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र आपण नेमकं काय बनवतोय, ते आधी कळायला हवं. नळी कारखान्यातून तयार होऊनच आलेली असते. आपण बनवतो ते तिच्या दोन टोकांचे दोन सांधे. पाईप आपल्या हातून चुकला, तर तो बहुतेक वेळा तिथेच चुकलेला असतो.

त्या सांध्यावर किती ओढ येते, याचा हिशेब सोपा आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडला. त्याच नियमावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट जोसेफ ब्रामाने १७९५ साली घेतलं. आजच्या यंत्रांत २०० बार दाब ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर २०० किलोंहून थोडा जास्त भार. ८ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये यातून सुमारे १० टनांचा जोर तयार होतो आणि माती उचलली जाते. पण दाब सिलिंडरला एक आणि नळीला दुसरा असा भेद करत नाही. अर्ध्या इंची नळीच्या टोकाला लावलेल्या फिटिंगलाही तोच दाब बाहेर ढकलत असतो, सुमारे अडीचशे किलोंच्या जोराने. तीन-चार धडधाकट माणसं त्या टोकाला लोंबकळत आहेत, अशी कल्पना करा. शिवाय ती स्वस्थ लोंबकळत नाहीत. व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाला की वाहतं तेल अडतं, दाब क्षणभर उसळतो आणि सांध्याला हिसका बसतो. असे हिसके दिवसातून हजारो वेळा बसू शकतात.

आता नळी उभी चिरून पाहू. सगळ्यात आत काळ्या रबराचं गुळगुळीत अस्तर असतं, बहुतेक नायट्राइल रबराचं, कारण खनिज तेलात ते फुगत नाही. त्याचं काम तेल आत ठेवणं एवढंच. दाब सोसायची ताकद त्यात जवळजवळ नसते. ती असते त्याच्यावर विणलेल्या पोलादी तारांत, एका थरात किंवा दोन थरांत. फारच दाब असेल तर वीण सोडून तारांचे चार किंवा सहा थर एकावर एक उलटसुलट गुंडाळतात. सगळ्यात बाहेर जाड रबराचं कवच असतं. ते तारांना घासण्यापासून, पाण्यापासून आणि गंजापासून वाचवतं.

या विणीत एक सुंदर भूमिती दडलेली आहे. गोल नळीत दाब भरला की तिची भिंत दोन दिशांना ताणली जाते, एक घेराच्या दिशेने आणि एक लांबीच्या दिशेने. गंमत अशी की घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या बरोबर दुप्पट असतो. उकडताना सॉसेज आडवं न फाटता उभं चिरतं, ते याचमुळे. आता तारा नळीच्या लांबीला समांतर घातल्या, तर घेराला आधार उरणार नाही आणि नळी उभी फाटेल. बांगड्यांसारख्या गोल गुंडाळल्या, तर घेर सांभाळला जाईल, पण नळी लांब खेचली जाईल. मग तार तिरपी घालायची. किती तिरपी? दोन्ही दिशांचे ताण एकास दोन या प्रमाणात पेलायचे असतील, तर उत्तर एकच येतं. त्या कोनाच्या टॅनचा वर्ग २ असायला हवा. तो कोन नळीच्या अक्षापासून मोजल्यास सुमारे ५४.७ अंश भरतो.

पोकळ विणलेली बुटाची नाडी हातात घेतली तर हे दिसतं. ओढली की ती बारीक आणि लांब होते, दोन्हीकडून ढकलली की जाड आणि आखूड. दाबाखाली नळीतल्या तारा आपापल्या जागी सरकून ५४.७ अंशांकडे जाऊ पाहतात. विणीचा कोन त्याहून कमी असेल तर नळी आखडते, जास्त असेल तर लांबते. रोबोंसाठी बनवलेले हवेचे काही स्नायू हेच तत्त्व मुद्दाम वापरतात. त्यांची वीण कमी कोनात घातलेली असते, त्यामुळे हवा भरली की ते आकसतात. हायड्रॉलिक नळीत हे आकसणं नको असतं, पण ते पूर्णपणे टाळताही येत नाही. प्रमाणित नळीला दाबाखाली २ टक्के लांबण्याची आणि ४ टक्के आखडण्याची मुभा दिलेली असते. म्हणजे मीटरभर नळी ४ सेंटिमीटरपर्यंत आखडू शकते. दोन टोकांमध्ये मापून ताठ बसवलेला पाईप पहिल्याच दाबाला आपल्याच सांध्यांना ओढायला लागतो. म्हणून जुना पाईप मोजून नवा कापताना जुना मुळात पुरेसा सैल होता का, हेही पाहावं. चुकीच्या लांबीमुळेच फुटलेल्या पाईपची हुबेहूब नक्कल केली, तर तीही तशीच फुटेल.

घेराचा हा ताण आणखी एक गोष्ट ठरवतो. व्यास वाढला की तोच दाब भिंतीला जास्त ताणतो. दोन विणींच्या, म्हणजे २एसएन जातीच्या पाव इंची नळीला ४०० बारपर्यंत चालवता येतं, अर्ध्या इंचीला २७५ बार आणि एक इंचीला फक्त १६५ बार. वीण तीच, नाव तेच. ‘जरा मोठी नळी टाकू, म्हणजे मजबूत होईल’ हा समज त्यामुळे धोक्याचा आहे. नळीवर छापलेला दाब कामाचा असतो. फुटण्याचा दाब त्याच्या किमान चौपट ठेवलेला असतो. ही चौपट मोकळीक दाबाच्या उसळ्यांसाठी, उष्णतेसाठी आणि म्हातारपणासाठी आहे. ती आपण वापरून टाकायची नसते.

नळी ठरली की फिटिंगचे आटे ओळखायचे. हे काम चिकाटीचं आहे आणि इथे डोळ्यांवर विसंबू नये. बीएसपी ही आट्यांची ब्रिटिश जात आणि एनपीटी ही अमेरिकन. अर्ध्या इंची बीएसपी आणि अर्ध्या इंची एनपीटी, दोघांतही इंचाला १४ आटे असतात. हाताने फिरवलं तर एकात एक शिरल्यासारखे वाटतात. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा. पान्ह्याने आवळल्यावर ते बसतात खरे, पण बसतात चुकीचे. आट्यांचा गेज आणि व्हर्निअर जवळ ठेवावेच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जेआयसी नावाच्या जातीच्या फिटिंगमध्ये गळती थांबवतो ३७ अंशांचा उतार, मेट्रिक फिटिंगमध्ये २४ अंशांचा शंकू, सपाट तोंडाच्या फिटिंगमध्ये ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं. आट्यांचं काम फक्त घट्ट धरून ठेवण्याचं. अशा सांध्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळून काहीच साधत नाही. उलट तिचे तुकडे तेलातून फिरत व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात.

आता क्रिंपिंगकडे येऊ, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. नळीच्या आत फिटिंगचं निपल, म्हणजे खाचा असलेलं पोकळ नळकांडं, शिरतं, बाहेर फेरूल, म्हणजे पोलादी टोपण, बसतं आणि मशीनच्या आठ डाय, म्हणजे जबडे, सगळीकडून एकदम ते फेरूल दाबून लहान करतात. मधल्या रबराचं काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. रबर मऊ असतं म्हणून आपल्याला वाटतं की ते दाबलं की लहान होतं. तसं होत नाही. रबराचं घनफळ जवळजवळ कमीच होत नाही. एकीकडे दाबलं की ते दुसरीकडे सरकतं. फेरूल आवळलं जाताना आतलं अस्तर निपलच्या खाचांमध्ये शिरून त्या गच्च भरतं आणि तेलाची वाट बंद करतं. फेरूलचे दात कवचातून खाली उतरून तारांना पकडतात. तेल अडवणं रबराचं काम, ओढ सोसणं तारांचं. दोन्ही कामं एकाच आवळण्यात साधायची असतात.

म्हणून आवळायचं किती, हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. कमी आवळलं तर फिटिंग निसटतं. जास्त आवळलं तर अस्तर चिरतं, तारा तुटतात, निपल आत चेपतं आणि तेलाची वाट अरुंद होते. बनवणाऱ्याच्या तक्त्यात प्रत्येक नळी आणि फिटिंगच्या जोडीसाठी आवळल्यानंतरचा बाहेरचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत दिलेला असतो. तो फेरूलच्या मधोमध आणि दोन-तीन बाजूंनी मोजावा. डायच्या फटींमुळे उठलेल्या कंगोऱ्यांवर मोजला तर आकडा मोठा येतो, मग माणूस आणखी आवळतो आणि चांगला सांधा बिघडवतो. एका कारखान्याची नळी आणि दुसऱ्याचं फिटिंग अशी जोडी जमवली, तर तिच्यासाठी तक्ताच नसतो. दोन्ही वस्तू उत्तम असल्या तरी त्यांचा सांधा हा अंदाज ठरतो. ही तडजोड मी कधीही करू नये म्हणेन, घाई कितीही असली तरी.

निपल नळीत किती खोल जायला हवं, तेवढ्या अंतरावर नळीवर आधीच खूण करावी, म्हणजे आवळताना ते मागे सरकलं तर दिसतं. काही फिटिंग्जसाठी बाहेरचं कवच तासून तारा उघड्या कराव्या लागतात. तिथे तारेला ओरखडाही पडू नये आणि तासलेला भाग फेरूलच्या बाहेर राहू नये, नाहीतर गंज तिथूनच आत शिरतो. एकदा आवळलेलं फिटिंग पुन्हा वापरायचं नाही. क्रिंपिंग मशीन नसेल तर पान्ह्यांनी जोडता येणारी फिटिंग्जही मिळतात. त्यांचं बाहेरचं टोपण उलट्या आट्यांनी नळीवर चढतं आणि मग निपल त्यात फिरवून बसवतात. रानात अडकलेल्या यंत्रासाठी ती फार उपयोगी पडतात. पण जिथे वरचेवर हिसके बसतात, तिथे मी आवळलेला सांधाच पसंत करेन. पट्टीचा क्लॅम्प मात्र जास्त दाबाच्या नळीवर कधीच लावू नये. त्याची जागा टाकीकडे परतणाऱ्या कमी दाबाच्या नळीवर.

नळी कापताना रबराची भुकटी आणि तारेचा चुरा आत पडतो, आणि घाईत विसरली जाते ती नेमकी ही गोष्ट. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या फिरत्या भागांमधल्या फटी काही मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढ्या असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि ४० मायक्रॉनहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे आत पाहून ‘स्वच्छ आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही. हवेच्या बंदुकीने नळीतून फोमची गोळी आरपार मारतात, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. हे आवळण्याआधी करावं, नंतरही करावं, आणि लगेच दोन्ही टोकांना बुचं लावावीत. एका नळीतला चुरा अख्खा पंप निकामी करू शकतो.

बसवताना पीळ सांभाळायचा. नळीवर लांबीने छापलेली ओळ त्यासाठी फार कामाची. ती सरळ न दिसता नळीभोवती फिरताना दिसली, तर नट आवळताना नळीही फिरली आहे. पिळलेल्या नळीत एका बाजूच्या तारा जास्त ताणल्या जातात आणि दुसरीकडच्या ढिल्या पडतात, मग विणीचा तो तोललेला कोन उरतच नाही. फेरूलच्या लगेच पुढे नळी वाकवू नये, थोडं अंतर सरळ जाऊ द्यावं.

तयार पाईप तपासायचा तो द्रवाने, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर, अर्धा ते एक मिनिट, आणि आडोशामागून. हवेने कधीही नाही. २०० बारखाली तेल जेमतेम टक्काभर आकसतं, म्हणून सांधा सुटला तर त्यात साठलेली ऊर्जा थोडी असते. तेवढ्याच दाबाची हवा स्फोटासारखी फुटते.

आणि हात जपावेत. २०० बारखालचं तेल सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघतं, तेव्हा गणिताने त्याचा वेग सेकंदाला सुमारे २१० मीटर येतो. ते कातडीतून आरपार आत शिरतं. बाहेर फक्त बारीक ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत तेल ऊती मारत पसरत जातं. ही शस्त्रक्रियेची तातडीची वेळ असते. उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. डॉक्टरांना ‘दाबाखालचं तेल शिरलंय’ हे स्वच्छ शब्दांत सांगावं, कारण जखम पाहून ते कळत नाही. गळती शोधायला हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. सांधा सोडण्याआधी उचललेला भाग जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करून सगळे लिव्हर हलवावेत, म्हणजे अडकलेला दाब उतरतो.

नवा पाईप चढवला की मी सुचवीन ती एक छोटी गोष्ट. फेरूलची कड आणि नळी, दोघांवर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढा. पहिले काही तास काम झाल्यावर ती पाहा. फेरूल आणि नळी यांच्यामध्ये बिनरंगाची केसाएवढी पट्टी दिसली, तर नळी सांध्यातून बाहेर यायला लागली आहे. पाईप तेव्हाच उतरवा.