सोमवारी सकाळी दुखणारं पोट

सोमवारी सकाळी साडेसहाला बेंबीजवळ दुखायला लागतं. रिक्षावाले काका हॉर्न वाजवून निघून जातात, नऊच्या सुमारास दुखणं ओसरतं आणि अकराला पोरगं मॅगी मागतं. ‘नाटकं आहेत नुसती!’ असा निकाल घरात लागतो. पण बहुतेक वेळा ते पोट खरंच दुखत असतं.

ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ मध्ये १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दहातल्या एका मुलाला तीन महिन्यांत निदान तीनदा, खेळ-अभ्यास सुटावा इतकं पोटात दुखत होतं. त्यातल्या फार थोड्यांना शारीरिक आजार निघाला. अ‍ॅप्लींचा ठोकताळा डॉक्टर आजही सांगतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी आजाराची शंका जास्त.

पण बेंबीच का? लहान आतड्याकडून येणारे मज्जातंतू मणक्यात जिथे शिरतात, जवळपास तिथेच बेंबीभोवतीच्या कातडीचेही शिरतात. आतड्यातली नेमकी जागा मेंदूला ओळखता येत नाही, म्हणून तो बेंबीकडे बोट दाखवतो. अपेंडिक्सचं दुखणंही म्हणूनच आधी बेंबीशी सुरू होतं आणि मग उजवीकडे खाली सरकतं. तेव्हा ठोकताळ्यावर डोळे मिटून विसंबू नये.

पचनमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं आहे आणि व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालू असतं. गंमत म्हणजे या नसेतले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे बातम्या नेणारे आहेत. मूल धास्तावलेलं असलं की आतड्यांची हालचाल बदलते आणि मेंदू या बातम्यांचा आवाज रेडिओसारखा वाढवतो. एरवी लक्षातही न येणारा गॅस मग कळ होऊन जाणवतो.

इथून तपासण्यांचा फेरा सुरू होतो. जंताचं औषध होतं, हिंगाचा लेप होतो, मीठ-मोहरीने दृष्ट काढून होते, मग सोनोग्राफी. तिच्या रिपोर्टात ‘पोटात गाठी’ निघाल्या की घरावर अवकळा! खरं तर आतड्याच्या पडद्यातल्या या छोट्या लसिका ग्रंथी (जंतूंशी लढणाऱ्या गाठी) धडधाकट मुलांच्या सोनोग्राफीतही सर्रास दिसतात.

आई-वडिलांनी वागायचं कसं, यावर अमेरिकेतल्या लिन वॉकर आणि सहकाऱ्यांचा २००६ चा प्रयोग मला फार बोलका वाटतो. मुलांना पोट तुडुंब भरेपर्यंत पाणी प्यायला दिलं. काही पालकांना सांगितलं, पोटाची विचारपूस करत राहा. काहींना सांगितलं, विषय बदला. उरलेल्यांना काहीच सांगितलं नाही. या शेवटच्या गटाच्या तुलनेत विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, विषय बदललेल्यांच्या निम्म्यावर आल्या. सतत पोट दुखणाऱ्या मुलांच्या पालकांना मात्र विषय बदलणंच जास्त घातक वाटत होतं. दर दहा मिनिटांनी ‘आता कसं वाटतंय रे?’ विचारणारी आजी मायेनेच विचारते, आणि नातवाचं लक्ष पुन्हा पोटावर आणून ठेवते.

विचारायचंच असेल तर शाळेबद्दल विचारावं, तेही संध्याकाळी, दुखत नसताना. डब्याच्या सुट्टीत कुणाबरोबर बसतोस? बसमध्ये कोण चिडवतं का? शाळेतल्या संडासाची अवस्थाही विचारावी. तिथे जायला नको म्हणून दिवसभर दाबून धरणारी मुलं खूप असतात, आणि त्यांच्या पोटदुखीचं कारण साधं बद्धकोष्ठ असू शकतं. वजन घटणं, उंची खुंटणं, शौचातून रक्त, ताप, वारंवार उलट्या किंवा दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, यातलं काहीही असलं तर आधी बालरोगतज्ज्ञ.

तसं काही नसेल तर शाळा बुडू देऊ नये. घरी राहिल्यावर मिळणारी सुटका भीतीला खतपाणी घालते आणि मंगळवारी पोट आणखी दुखतं. रजा फार लांबली असेल तर समुपदेशक वर्गशिक्षिकांशी बोलून मुलाला टप्प्याटप्प्याने परत नेतात: आधी दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. सोबत पोटाने घेतलेला संथ श्वास आणि ‘आता उलटी होणारच’ यासारखे विचार तपासून पाहण्याची सवयही शिकवतात. विचार-वर्तन उपचाराच्या या पद्धतीने बऱ्याच मुलांची पोटदुखी कमी होते. समुपदेशक कुठे गाठायचा हेच कळत नसेल तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावावा, तिथे मराठीतही बोलता येतं.