पेटंटची नोटीस आली तर : आमच्या कारखानदार ग्राहकांसाठी

‘तुम्ही आमचं पेटंट वापरताय’ अशी नोटीस हातात पडली की कोणी घाबरून त्याच दिवशी मशीन बंद करतं, तर कोणी कागद ड्रॉवरमध्ये टाकून विसरतं. दोन्हींत नुकसान तुमचंच. उत्तर पाठवण्याआधी पेटंटच्या शेवटी छापलेले 'दावे' (शोधातलं नेमकं काय आपलं, ते सांगणारी वाक्यं) आणि तुमचा सुटा भाग टेबलावर शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहू या. हक्क मिळतो तो त्या दाव्यांपुरता, शीर्षकावर नाही.

एकेका शब्दाला किती वजन असतं, ते पुण्याच्या बजाज ऑटोच्या खटल्यात दिसलं. लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग, हे त्यांचं पेटंट २००५ मध्ये मंजूर झालं. २००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सीसीची 'फ्लेम' मोटरसायकल जाहीर केली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. टीव्हीएसचा एक मोठा मुद्दा व्हॉल्व्हचा होता : आमच्या इंजिनात तीन, तुमच्या दाव्यात दोन. फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसला मनाई झाली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीची मुभा कायम ठेवली, मात्र विक्रीचा हिशेब ठेवायला लावून. शेवटी २०१९ मध्ये दोघांनी आपसात मिटवलं. बारा वर्षं! एवढा खर्च मोठ्या कंपन्यांना पेलतो. चार लेथवाल्याला नाही. म्हणून बोलणी जमत असतील तर ती लवकर करावीत, असं आमचं ठाम मत आहे.

पेटंट जिवंत आहे का, हेही आधी बघतो. मुदत अर्जापासून २० वर्षं, आणि नूतनीकरणाची फी थकली तर त्याआधीच संपते. नुसता अर्ज प्रलंबित असेल, तर मंजुरीपर्यंत खटला भरता येत नाही. धमकी बिनबुडाची असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम १०६ खाली तुम्हीच न्यायालयात जाऊ शकता.

पेटंट वापरायचा परवाना घ्यायचा ठरला, तर तोंडी शब्दावर राहू नका. करार लेखीच लागतो. रॉयल्टी कशावर, कारखान्यातून निघतानाच्या किमतीवर की जीएसटीसकट बिलावर, हे त्यात स्पष्ट हवं. निर्यात चालेल का, जॉबवर्क बाहेर देता येईल का, तेही लिहून घ्या.

येताना नोटीस पाकिटासकट आणा, सोबत ड्रॉइंग आणि त्या मालाची सर्वांत जुनी बिलं व चलनं. समोरच्याच्या अर्जाच्या तारखेआधी तुम्ही तोच माल उघड विकलेला असेल, तर ते पिवळं पडलेलं चलन पेटंट रद्द करायलाही उपयोगी पडू शकतं.