पाण्याखालील धातुशोधकाची कॉइल-केबल : दुरुस्ती व बदल

पाण्याखाली चालणाऱ्या धातुशोधकात शोधकॉइल (धातू हुडकणारे तारेचे वेटोळे) व नियंत्रणपेटी यांना जोडणारी केबल दुरुस्त करण्याची किंवा समूळ बदलण्याची प्रक्रिया. जमिनीवरच्या यंत्रात प्लग काढून नवी कॉइल लावली की काम भागते. पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीच्या अनेक यंत्रांत, उदा., माइनलॅबच्या एक्सकॅलिबर मालिकेत व टेसोरोच्या सँड शार्कमध्ये, केबल दोन्ही टोकांना कायमची बसवलेली असते. कॉइलच्या बाजूने ती रेझिनमध्ये ओतून पक्की केलेली आणि पेटीच्या बाजूने पाणबंद तोंडातून आत नेऊन सोल्डर केलेली असते. जोड जितके कमी तितकी गळतीची भीती कमी, हा त्यामागचा हिशेब. दुरुस्ती करणाऱ्याची सोय त्यात धरलेली दिसत नाही.

धातुशोधकाच्या उगमाबद्दल एकमत नाही. दोन वेटोळ्यांच्या प्रवर्तन-तुलेचे (वेटोळ्यांचा साधलेला तोल जवळच्या धातूने बिघडतो, यावर चालणाऱ्या उपकरणाचे) श्रेय बहुधा डेव्हिड ह्यूझ (१८७९) यांना देतात. तथापि हाइन्‍रिख डोवे यांनी १८४० च्या सुमारास त्याच तत्त्वाचे उपकरण वापरले होते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी ही तुला वापरून पाहिली, पण यश आले नाही. हातात धरून चालवायच्या यंत्राबाबत गेरहार्ड फिशर यांचे नाव रूढ असले, तरी त्यांचे पेटंट १९३७ चे आहे. शर्ल हेर यांना ते १९२८ मध्येच मिळाले होते. हेर यांच्या यंत्राने १९२९ मध्ये इटलीतील नेमी सरोवरात रोमन जहाजांचे अवशेष शोधल्याचे सांगतात आणि काही लेखक यालाच पाण्याखालचा पहिला वापर मानतात. मात्र त्या सुमारास सरोवराचे पाणी पंपांनी उपसण्याचे काम चालू होते व जहाजे उघडी पडू लागली होती. त्यामुळे हा दावा जपूनच स्वीकारावा लागतो. खाऱ्या पाण्यासाठी खरी उपयुक्त ठरली ती स्पंद-प्रवर्तन (पल्स इंडक्शन) पद्धत, म्हणजे कॉइलमध्ये प्रवाहाचे ठोके सोडून मधल्या अवकाशात धातूचा प्रतिसाद ऐकणे. पुरातत्त्वीय शोधासाठी तिच्यावर १९६० नंतरच्या दशकात ऑक्सफर्ड येथे काम झाले.

या पद्धतीत केबल निव्वळ वाहक राहत नाही, ती मापनमंडलाचाच भाग बनते. कॉइलमधील प्रवाह एकदम तोडला की शेकडो व्होल्टचा उसळता दाब निर्माण होतो. तो शमल्याखेरीज धातूचा क्षीण प्रतिसाद ऐकता येत नाही. शमनाचा वेग कॉइलचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण), एकूण धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि समांतर जोडलेला शमनरोध (ही उसळी जिरवणारा रोध) यांवर ठरतो. इष्टतम रोध इंडक्टन्स भागिले धारिता याच्या वर्गमुळाच्या निम्मा असतो. कॉइल ३०० मायक्रोहेन्‍री व एकूण धारिता ६०० पिकोफॅरड असेल, तर हा रोध सुमारे ३५४ ओहम येतो. मूळ केबलीऐवजी १०० पिकोफॅरड जास्त धारितेची केबल घातली, तर तो ३२७ ओहमवर उतरतो. आरजी-५८ जातीच्या समाक्ष केबलीची (मध्ये तार व तिच्याभोवती जाळी असलेल्या केबलीची) धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, म्हणजे मीटरभर जादा लांबीही हा फरक पाडू शकते. नव्या केबलीनंतर यंत्र चालू होते, पण बारीक सोन्याची अंगठी चुकवते, अशी तक्रार पुष्कळदा याच कारणाने उद्भवते. दोष कॉइलला दिला जातो.

स्पंदांऐवजी अखंड लहर सोडणाऱ्या, म्हणजे निरंतर लहरींच्या, यंत्रांत प्रेषक व ग्राहक वेटोळी वेगळी असल्याने केबलीत दोन स्वतंत्र तारजोड्या असतात. ग्राहक जोडीला जाळीचे कवच देतात व ते सहसा पेटीच्याच बाजूला भूसंपर्कित करतात. कवच दोन्ही टोकांना जोडावे असेही काही जण म्हणतात. पण त्यामुळे बंद वलय तयार होण्याचा धोका असल्याने पहिली रीत अधिक ग्राह्य वाटते. स्पंद यंत्राच्या समाक्ष केबलीला हा वाद लागू नाही, कारण तेथे जाळीच परतीचा मार्ग असते.

बिघाड बहुधा कॉइलमधून केबल बाहेर येते तिथे होतो. सतत वाकून तारा आतल्या आत तुटतात आणि केबल हलवली की हेडफोनमध्ये खोटे आवाज येतात. दुसरे कारण खडकावर फाटलेले आवरण. चीर दिसायला नखाएवढी असते, पण समईच्या वातीत तेल चढावे तसे खारे पाणी तांब्याच्या तंतूंमधून कितीतरी लांब जाते. प्रसंगी पेटीतच उतरते. कापलेल्या टोकाला तांबे काळवंडलेले किंवा त्यावर हिरवा कळंक असेल, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत केबल कापत जावे लागते. आतली तार तुटली असल्यास, दोन्ही टोके सोडवून एका टोकाकडून धारिता मोजली व तिला दरमीटर धारितेने भागले की तुटल्याची जागा साधारण कळते.

मधोमध जोड द्यावा की सबंध केबल बदलावी, याबद्दल कारागिरांत दोन मते आहेत. उथळ पाण्यातल्या वापराला जोड चालतो. समुद्रात दर १० मी. खोलीला सुमारे एक वातावरण दाब वाढतो; ६० मी. खोलीवर बाहेरून सहा वातावरणे जादा दाब येतो आणि आतून चिकट थर असलेल्या श्रिंक नळीवर (तापवल्यावर आकसून जोडावर बसणाऱ्या नळीवर) तेव्हा विसंबणे बरे नव्हे.

बदल करताना जुने रेझिन थोडेथोडे खरवडून काढतात. घाईत कॉइलची बारीक तार तुटते. नवी केबल शक्यतो पॉलियुरेथेन आवरणाची घेतात, कारण पीव्हीसी कालांतराने कडक होऊन तडकते. महत्त्वाची पायरी म्हणजे पाण्याची वाट अडवणे. प्रत्येक तारेवरचे निरोधक थोड्या लांबीवर सोलून तंतूंमध्ये सोल्डर पूर्ण मुरवतात व तो उघडा भाग रेझिनमध्ये बुडवतात. आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग काचकागदाने खरखरीत करून अल्कोहोलने पुसला नाही, तर रेझिन नुसते टेकून राहते, धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन सीलंट येथे टाळावे. त्यातून सुटणारे अॅसिटिक आम्ल तांबे खाते.

रेझिन पुरते घट्ट झाल्यावर कॉइल व केबल रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि तार व पाणी यांमधला निरोध मोजतात. नंतर केबल दांड्याला घट्ट गुंडाळतात. कॉइलजवळचा लोंबता वेढा वाहत्या पाण्यात हलला, तर निर्दोष केबलही खोटे संकेत देते.