भांग : गावठी वाण व त्यांचे परागण

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. कॅनाबिस सटिव्हा हे तिचे शास्त्रीय नाव असून बिअरला कडवटपणा आणणारी हॉपची वेल तिच्याच कॅनाबेसी कुलातील आहे. एखाद्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या बियांपासूनच वाढत आलेल्या आणि तेथील पाऊसमानाने, दिवसमानाने व शेतकऱ्याच्या निवडीने घडलेल्या भांगेच्या समूहाला गावठी किंवा स्थानिक वाण म्हणतात. येथे समूह हा शब्द महत्त्वाचा आहे. उंचीने, फांद्यांच्या ठेवणीने, फुलोऱ्याच्या वेळेने थोडी थोडी वेगळी असणारी आणि दरवर्षी आपसांत परागण होऊन पुन्हा मिसळणारी पुष्कळ झाडे मिळून गावठी वाण होतो. चार कुंड्यांत गावठी बी लावले की वाण राखला गेला, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते.

नावे व नामभ्रम : भङ्गा, विजया, मातुलानी ही संस्कृत नावे सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात एकत्र आढळतात. अथर्ववेदातील (११.६.१५) ‘दर्भो भङ्गो यवः सहः’ या वचनातील भङ्ग म्हणजे आजची भांग असे सामान्यतः धरले जाते, परंतु तेथे वनस्पतीचे कसलेच वर्णन नसल्याने ही ओळख संभाव्य एवढीच मानणे इष्ट. पाणिनीचे सूत्र (५.२.४) त्या मानाने अधिक ठाम आधार देते. तीळ, उडीद, जवस, भङ्गा व अणू (एक बारीक धान्य) या पिकांच्या शेतांना कोणते प्रत्यय लागतात, हे त्यात सांगितले आहे आणि त्यानुसार भांगेच्या शेताला भङ्ग्य किंवा भाङ्गीन म्हणत. इसवी सनापूर्वी चारपाच शतके, म्हणजे पाणिनीचा जो काळ साधारणपणे मानतात त्या काळी, ही वनस्पती तीळ-जवसांच्या पंक्तीत रीतसर पेरली जात असावी, असे यावरून दिसते. ती धाग्यासाठी होती की बियांसाठी, हे सूत्रावरून ठरत नाही. वैद्यकग्रंथांतील निःसंशय उल्लेख बरेच नंतरचे, बहुधा अकराव्या शतकापासूनचे आहेत. शार्ङ्गधरसंहितेत भांगेचे नाव अफूच्या जोडीने येते.

‘शण’ हा शब्द विशेष घोटाळ्याचा आहे. अनेक इंग्रजी भाषांतरांत त्यासाठी ‘हेम्प’ (भांगेचे इंग्रजी नाव) असा प्रतिशब्द वापरल्यामुळे शणाचे सगळे उल्लेख भांगेच्या खात्यावर जमा झाले. वस्तुतः शण म्हणजे ताग. नाशिक परिसरात द्राक्षबागेच्या ओळींमध्ये हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा, पिवळ्या फुलांचा व खुळखुळणाऱ्या शेंगांचा ताग शिंबावंत कुलातील असून भांगेशी त्याचे दूरचेही नाते नाही. व्यापारी इंग्रजीत त्याला ‘बॉम्बे हेम्प’ आणि भाजीच्या अंबाडीच्या भावंडाला ‘डेक्कन हेम्प’ म्हणत. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या जुन्या व्यापारी कोष्टकांत हेम्प हा शब्द दिसला तरी तेथे भांग होती असे समजू नये. मराठीत मात्र ‘तुळशीत भांग’ व ‘भांगेत तुळस’ या जोडम्हणी रुळल्या आहेत. न पेरता दुसऱ्याच्या वाफ्यात उगवण्याची या वनस्पतीची खोड त्यांत अचूक टिपलेली आहे.

उगम व वर्गीकरण : लिनीअस यांनी १७५३ मध्ये युरोपातील धाग्याच्या भांगेला सटिव्हा हे नाव दिले. लामार्क यांनी १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून इंडिका ही वेगळी जाती मानली, तर १९२४ मध्ये यानिशेव्स्की यांनी रशियातील रानटी, ठेंगण्या झाडांना रूडेरालिस हे नाव दिले. स्मॉल व क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये जाती एकच ठेवून तिच्या दोन उपजाती केल्या व त्यांच्यामधील सीमा टीएचसी या मादक द्रव्याच्या ०.३ टक्के प्रमाणावर आखली. निसर्गात अशी रेघ नाही. ती सोयीसाठी ओढलेली होती. पुढे अनेक देशांच्या कायद्यांनी तीच उचलली. सर्व गट आपसांत सहज फलित होतात व त्यांची रंगसूत्रे सारखीच, २० असतात, हे पाहता एकजातीय मत अधिक ग्राह्य वाटते.

लामार्क यांची इंडिका अरुंद पर्णिकांची, उंच, भारतीय होती. आज बाजारी बोलण्यात इंडिका म्हणून ओळखली जाणारी रुंद पर्णिकांची, बुटकी, झुडपासारखी झाडे अफगाणिस्तान व हिंदुकुश भागातील वाणांपासून आलेली आहेत. हा उलटफेर १९७० नंतरचा आहे. त्याचा परिणाम असा, की केरळातील इडुक्की किंवा कुमाऊँ येथील अस्सल भारतीय गावठी वाणांनाच लोक सटिव्हा म्हणू लागले. नोंदी ठेवणाऱ्याने या नावांऐवजी बी कोठले, किती उंचीवरचे व केव्हा गोळा केलेले, हे लिहिणे केव्हाही अधिक उपयोगाचे ठरते.

मूलस्थान फार काळ मध्य आशिया मानले जाई. जीवाश्मरूप परागांच्या २०१९ मधील अभ्यासाने ते तिबेट पठाराच्या ईशान्य भागाकडे सरकवले, परंतु भांगेचे व हॉपचे पराग एकमेकांसारखे असल्याने त्यातील ओळख काही अंशी भोवतालच्या गवताळ वनस्पतींच्या परागांवरून केलेली आहे. ११० झाडांच्या जनुकसंचांच्या २०२१ मधील तुलनेनुसार ही वनस्पती पूर्व आशियात सुमारे १२,००० वर्षांपूर्वी माणसाळली असावी. कालगणना पुढेमागे होऊ शकेल. मात्र चीनमधील गावठी व मोकाट झाडे मूळ साठ्याच्या सर्वांत जवळची आहेत, हा त्यातील निष्कर्ष अधिक टिकाऊ वाटतो. भारतात ती केव्हा व कोणत्या वाटेने आली, याविषयी पुरावा तुटपुंजा आहे.

लिंगभेद व परागण : भांग बहुधा विभक्तलिंगी असते, म्हणजे नर व मादी झाडे वेगवेगळी असतात, लिंग ठरवणारी रंगसूत्रे माणसाप्रमाणेच क्ष व य प्रकारची आहेत. नर झाड काहीसे उंच व विरळ असते. त्याच्या लोंबत्या फुलोऱ्यातील प्रत्येक फुलात पाच हिरवट-पिवळी दले व पाच केसरदले असतात. सकाळी फांदी हलवली की फिकट पिवळी धूळ उडते, तो पराग. मादी फुलाला डोळ्यांत भरेल असे दल नसते. एका लहानशा हिरव्या छदातून (पानासारख्या आवरणातून) पांढऱ्या केसांसारखे, पराग झेलणारे दोन किंजल बाहेर डोकावतात, एवढेच. परागण वाऱ्याने होते. मोरोक्कोतील शेतांमधला भांगेचा पराग समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनमध्ये हवेत सापडलेला आहे. पराग मिळताच किंजल तपकिरी होऊन सुकू लागतात, छद फुगतो आणि चार ते सहा आठवड्यांत करड्या, ठिपकेदार, तीन ते पाच मिलिमीटर लांबीच्या बिया तयार होतात. नर झाड पराग सांडून झाला की वाळून जाते.

वनस्पतींनाही नर-मादी असतात, हे सिद्ध होण्यात भांगेचा वाटा मोठा आहे. जर्मनीत कामेरारियस यांनी १६९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भांगही होती आणि वेगळ्या ठेवलेल्या मादी झाडांवर थोडे बी धरलेले पाहून ते बुचकळ्यात पडले होते. मादी झाडावर क्वचित चारदोन नर फुले येतात, हे त्याचे बहुधा उत्तर होय. लिनीअस यांनी तर हा प्रयोग घरातच केला. त्यांचे निवेदन १७६० मधील आहे. त्यांनी दोन कुंड्यांत भांग पेरली, प्रत्येकीत तीसचाळीस रोपे उगवली, आणि कुंड्या एकमेकींपासून दूरच्या खोल्यांत खिडकीशी ठेवल्या. एकीतील नर-मादी तसेच राहू दिले. दुसरीतील नर ओळखू येताच उपटले. पहिल्या कुंडीत बी पिकले. दुसरीतील मादी झाडांची फुले जणू वाट पाहत कितीतरी दिवस टवटवीत राहिली आणि अखेर वांझ वाळली. घरच्या खिडकीत भांग वाढवून तिचे परागण पाहण्याचा याहून स्वच्छ प्रयोग सांगता येणार नाही.

बंगालमधील नौगाव भागातील गांजा पिकवणारे शेतकरी हेच तत्त्व धंद्यासाठी वापरत: नर झाडे ओळखून काढणारा जाणकार, पोद्दार, शेतातून हिंडे, कारण बी धरलेला गांजा कमी प्रतीचा मानला जाई. गावठी वाण राखायचा तर नेमके उलटे, म्हणजे पुष्कळ नर व पुष्कळ मादी मोकळेपणी मिसळू देणे आवश्यक असते. ज्या देशांत घरी मोजकी झाडे लावण्यास मुभा आहे (कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार, जर्मनीत २०२४ पासून प्रौढामागे तीन), तेथील हौशी लोक एका नराचा पराग कुंचल्याने मादीच्या एखाद्या फांदीला लावून बी धरतात. बी मिळते खरे. पण ती सारी सख्खी भावंडे असतात. एखादा गुण ठरवणारे जनुकरूप समूहात शंभरात पाच इतके विरळ असेल, तर दोनच झाडे ठेवल्यावर ते गळून जाण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के येते. ५० झाडे ठेवल्यास ती एक टक्क्याहूनही कमी होते. दुष्काळ किंवा कीड सोसण्याची ताकद बहुधा अशाच विरळ रूपांत दडलेली असते, म्हणून ही गळती फार मोलाची हानी आहे. दिवसमानही वाण घडवते. फुलोरा येण्यास लांब रात्री लागत असल्याने साधारण ३० अंश अक्षांशावरचे हिमालयी वाण, जेथे सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांहून लहान असतो अशा नाशिकच्या २० अंशांवर लवकर व खुरटे फुलतात. त्यांपैकी जी झाडे निभावतात त्यांचेच बी पुढे जाते, आणि काही पिढ्यांत तो मूळचा वाण राहत नाही.

महाराष्ट्र व कायदा : ब्रिटिश सरकारच्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने भारतभर १,१९३ साक्षी नोंदवल्या. त्या काळी मुंबई इलाख्यातील गांजाची लागवड प्रामुख्याने नाशिकला लागून असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात होती.  १९८५ च्या केंद्रीय अमली पदार्थ (एनडीपीएस) कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून बिया व शेंड्यांविना असलेली पाने वगळली आहेत. परंतु कलम ८ नुसार भांगेच्या कोणत्याही झाडाची लागवड निषिद्ध असून कलम २० प्रमाणे त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गच्चीवरील एक कुंडीही लागवडच ठरते. कलम १४ अन्वये धागा, बी वा उद्यानविद्येसाठी सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये धाग्याच्या भांगेला असा परवाना दिला. सिंहस्थात किंवा महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरी दिसणारे सेवन सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचा लागवडीच्या या निषेधावर काही परिणाम होत नाही.

विभक्तलिंगी वनस्पतीचे परागण नाशिककराला घरी अनुभवायचे असेल, तर भांगेऐवजी करटोली ही रानभाजीची वेल आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाण्याच्या डोंगरांतून ती पावसाळ्यात बाजारात येते. मादी फुलाच्या बुडाशी काटेरी, मण्याएवढी करटोली आधीच दिसते, नर फुलाला नुसता देठ असतो. नर फूल खुडून त्याचे केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवले की फळ धरते. नऊदहा मादी वेलींमागे एक नर वेल पुरते. कंदापासून लावल्यास वेलीचे लिंग आधीच ठाऊक असते, त्यामुळे बहुतेक जण कंदच लावतात. पिकून केशरी झालेल्या फळातील बी उशिरा व कमी रुजते आणि नर निघेल की मादी ते फुलेपर्यंत कळत नाही; मात्र डोंगरातल्या वेलींचे वैविध्य परसात उतरते ते अशा बियांतूनच, आणि तेही एका नव्हे, अनेक वेलींचे बी एकत्र पेरले तर.